रंगाआधी गळती

मुलुंड, मुंबई
१८ ऑगस्ट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

गणपतीपूर्वी काकूंच्या खोलीतील भिंतीचे काळे डाग रंगाखाली झाकायचे ठरवल्याचे तू लिहिलेस, म्हणून तातडीने उत्तर देत आहे. ते डाग बुरशीचे आहेत आणि काकूंचा दमा जुना आहे.

दादाच्या आजारपणाची पूर्ण हकिगत तुला मी कधी सांगितली नाही. दमा त्यालाही लहानपणापासून आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याचा खोकला बळावला, तपकिरी गुठळ्यांचा कफ पडू लागला आणि एक्स-रेमध्ये सावली दिसली. आपल्या शहरात अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो वावगाही नाही. परंतु थुंकीत जंतू सापडले नसतानाही त्याने सहा महिने क्षयाची औषधे घेतली. गुण शून्य. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांनी रक्तातील आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारे प्रतिपिंड) तपासले, तेव्हा कुठे अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या अ‍ॅलर्जीचे निदान झाले.

या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असल्याने ते थेट फुप्फुसात उतरतात. आपण सगळेच ते रोज श्वासावाटे घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. काही दमेकऱ्यांच्या चिकट कफात मात्र ते रुजतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत श्वासनलिकाच कायमच्या रुंदावून बसतात. दादाचा आजार आता स्टिरॉइड व बुरशीविरोधी गोळ्यांनी आटोक्यात आहे. (२०२१ मधील ‘काळी बुरशी’ वेगळी होती, तिच्यात काळे पडत ते रुग्णाचे मृत ऊतक.)

तुझ्या भिंतीवर नेमकी कोणती जात आहे, हे शोधत बसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही बुरशीच्या सुरक्षित पातळीचा आकडा नाही, ओल हटवण्यावरच भर आहे. नुसता रंग दिलास तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरून बुरशी पुन्हा वर येईल. आधी वरच्या मजल्यावरील बाथरूमची गळती शोधून बंद करून घे, भिंत पूर्ण वाळू दे आणि गिलावा खरवडताना काकूंना घरात ठेवू नकोस.

तोवर त्यांना आमच्याकडे पोहोचव. आमची मागची खोली कोरडी आहे, आणि दादालाही पत्त्यांसाठी जोडीदार हवाच आहे.

तुझा,
अविनाश