आईला उन्हात आणणाऱ्या रिक्षाकाकांना

रिक्षाकाका, सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या आठवड्यात तुम्ही माझ्या आईला घराबाहेर काढलंत. शेवटच्या दिवशी मी आभार मानायला लागले, तर "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणत रिक्षा वळवून निघूनही गेलात. म्हणून हे सगळ्यांसमक्ष लिहिते आहे. नाव घालू नका म्हणालात, तेवढं मात्र ऐकते.

ऑगस्टमध्ये पडून आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन ती घरात चालू लागली, पण जिना उतरायला तयार होईना. आमचा दुसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. त्या सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. एक रिक्षा वॉकर बघूनच पुढे गेली. दुसऱ्याने वेळ लागेल म्हणून नकार दिला. आई तिथे खुर्चीत बसलेली, मान खाली घालून. मग तुम्ही आलात.

तुम्ही खाली उतरलात, विचारलंत, "खुब्याचं का? माझ्या आईचंही झालं होतं." मागून गोधडी काढलीत आणि चार घड्या घालून सीटवर ठेवलीत. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत, असं फिजिओथेरपिस्टने आम्हाला बजावलं होतं. तुम्हाला ते सांगावं लागलं नाही. आधी पाठमोरं टेकवायचं, मग पाय एकेक करून आत घ्यायचे, हेही तुम्हीच मला दाखवलंत. प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी "आजी, धरा हं" म्हणत गेलात.

डॉक्टरांनी हाड छान जुळलंय, आता चाला, एवढंच सांगितलं. परतताना तुम्ही विचारलंत, "आजी, ऊन चांगलं पडलंय. दहा मिनिटं खायचं का?" आई हो म्हणाली. काका, पाच महिन्यांत बाहेरच्या कुठल्याही गोष्टीला तिने हो म्हटलं नव्हतं. आपण अमृततुल्यसमोर थांबलो. पितळी पातेल्यातला आल्याचा चहा, हातात गरम ग्लास, पाठीवर ऊन. निघताना तुम्ही म्हणालात, उद्या भोगी आहे, मंडईत जाऊन येऊ.

मंडई! मला तर धडकीच भरली होती, भोगीच्या सकाळची ती गर्दी. पण 1886 सालच्या त्या दगडी इमारतीचा मनोरा दिसला आणि आई सीटवर पुढे सरकली. तुम्ही रिक्षा कडेला लावलीत, आणि टोपली घेऊन बसलेल्या मावशींना हाक मारून सोलाणे, पावटा, गाजरं, बोरं असं सगळं आईच्या मांडीपर्यंत आणलंत. तिने मटाराची शेंग फोडून दाणा चाखला, एका मावशींशी भावावरून दोन शब्दही केले. ऑगस्टपासून तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. त्या दुपारी वॉकर ओट्याला टेकवून तिने स्वतः तिळाचं कूट घालून भाजी केली. बाजरीच्या भाकऱ्या मी थापल्या, तीळ तिने लावले.

संक्रांतीला तुमच्या हातावर तिळगूळ ठेवायला ती गेटपर्यंत आली. किंक्रांतीला बाहेर पडायचं नाही हा तिचा जुना नेम, तो तुम्ही बिनतक्रार पाळलात.

आणि शुक्रवारी सारसबाग. थंडीत तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे मला ठाऊक होतं. आईला तिथे घेऊन जावं हे मात्र तुम्हाला सुचलं. माझी आई जन्मभर विणत आली आहे. ऑपरेशननंतर तिने सुया हातातही घेतल्या नव्हत्या. तुम्ही एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरलं आणि ती गाभाऱ्यासमोर उभी राहिली. हात जोडले, आणि मग बराच वेळ नुसती स्वेटरकडे बघत राहिली. म्हणाली, "टाके किती सारखे पडलेत बघ."

नंतर बाकावर बसून तिने तुम्हाला सगळी हकीकत सांगितली: नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, 1784 मध्ये सवाई माधवरावांनी त्यातल्या बेटावर गणपती बसवला, पुढे तळं गेलं आणि बाग झाली. तुम्ही पुण्यात रिक्षा चालवता, तुम्हाला हे ठाऊक नसेल का? पण तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मध्ये मध्ये विचारतही राहिलात. समोर पर्वती दिसत होती. त्या 103 पायऱ्या ती दर सोमवारी चढायची. वर बघत म्हणाली, "पुढच्या थंडीत." मला काही बोलता येईना. तुम्ही म्हणालात, "आधी पाच चढू. पुढच्या सोमवारी."

थांबण्याचे पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत. मी फार आग्रह केला नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तसं करणं बरं दिसणार नाही.

शुक्रवारी घरी आल्यावर आईने कपाटावरची लोकरीची पिशवी काढायला लावली. तपकिरी लोकर निवडली आहे, खाकीवर चांगली दिसेल म्हणते. सोमवारी दहा वाजता आम्ही गेटपाशी उन्हात असू. जरा लवकर या, तिला तुमच्या डोक्याचं माप घ्यायचं आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची लेक