मोडनिंब स्टेशन आणि पाच टनांचा नियम

तीर्थरूप आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत, बाबा, तुम्ही कपाटातल्या डब्यातून कुर्डुवाडी ते मोडनिंब प्रवासाचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट काढून दाखवले होते. त्याच्या कडेला टीसीच्या चिमट्याची खाच अजून स्पष्ट दिसत होती. आपल्या गावाला रेल्वे कशी आली, असे मी विचारले तेव्हा तुम्ही "बार्शी लाईटमुळे" एवढेच म्हणालात. तेव्हापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचते आहे.

जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची, मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीची बाजारपेठ बाजूला राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. पूर्वी जीआयपीतच नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी नॅरोगेज (अरुंद रुळांची लाईन) टाकली; तीच बार्शी लाईट रेल्वे, आणि १८९७ च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. इंजिन असो वा मालडबा, एकाही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. इंजिन जड झाले तर चाके वाढवायची, म्हणजे तोच भार अधिक आसांवर वाटला जातो, हलक्या रुळांवर काम भागते आणि ज्या मुलखात मोठी लाईन परवडली नसती तिथेही गाडी नेता येते. १९०६ मध्ये हीच लाईन कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली आणि वाटेतल्या मोडनिंबला स्टेशन मिळाले. पुढे १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली; १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

पाहुणे त्या गाडीला खेळण्यातली म्हणायचे, ते मला लहानपणीही खटकायचे. इतक्या विचाराने बांधलेली ती गाडी होती आणि मोठ्या लाईनीवरून कुर्डुवाडीला उतरलेल्या वारकऱ्यांना तीच विठोबाच्या दारी नेत होती. आई, आषाढीला त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे, असे तू सांगतेस. ते सगळे या वेळी मला सावकाश सांग, मी लिहून घेणार आहे.

बाबा, आता तिथे ब्रॉडगेज आहे, म्हणून छोटी गाडी नेमकी कुठे थांबायची, तिकिटाची खिडकी कोणत्या बाजूला होती, हे उन्हे उतरल्यावर मला तिथे नेऊन दाखवा. आणि ते तिकीट कृपया लॅमिनेट करू नका. मी त्यासाठी कागदी पाकीट घेऊन येते.

तुमची लाडकी,
ताई