जांभळाची फांदी पडली

माथेरान, २७ जुलै

प्रिय संज्या,

सहा महिने तुला साधा फोन नाही, काकांच्या वर्षश्राद्धालापण आलो नाही, ते मनाला फार लागून राहिलंय रे, माफ कर. आईचे गुडघे तसेच, बीपीची गोळी चालू, बाकी बरं. आज लिहायला बसलो कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, झाडच ना, त्यात काय एवढं.

आपल्या जांभळाची मोठी फांदी पडली. तीच, विहिरीकडची. मंगळवारी रात्री अडीचला असा आवाज झाला की वाटलं कडाच सुटला, स्वयंपाकघराचे चार पत्रे वाकले आणि आई पलीकडच्याच खोलीत झोपलेली, मधे फक्त एक भिंत. तुला माहितीये इथली रात्र, गाडी नाही हॉर्न नाही, नुसता पाऊस आणि बेडूक, त्यात तो आवाज अजून कानातून जात नाहीये. आई उठून पहिलं काय म्हणाली माहितीये? "संजूचा हात मोडला ती का रे फांदी?"

तीच. आणि ती मी हलवली नव्हती हे वीस वर्षं सांगतोय, तू पिकलेल्या घोसासाठी पुढे सरकलास म्हणून पडलास. आतातरी मान्य कर, पुरावा अंगणातच पडलाय.

खरी काळजी पुढेच आहे. फांदी गेली तशी झाड घराकडे कललंय. मुळं बघितलीस तर तुला ओळखू येणार नाहीत. आपण लहान होतो तेव्हा जेमतेम पाठ टेकायला मिळायची, आता गुडघाभर उघडी पडलीयेत. दर पावसात लाल माती वाहतेच, वरून घोड्यांची वाट तिथूनच जाते, खुरांनी माती सुटते आणि पुढचा पाऊस ती घेऊन जातो, सगळ्या गावात हेच चाललंय. २००५ च्या त्या पावसात रेल्वेचा मार्ग वाहून गेला, २००७ पर्यंत गाडी बंद होती, तेव्हासुद्धा हे झाड हललं नव्हतं संज्या.

शेजारचे काका म्हणतात तोडायचा अर्ज दे. २००३ पासून आपला डोंगर इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. अर्ज लिहून ठेवलाय, टेबलावर आहे, दोन दिवस नुसता बघतोय.

कारण फांदी पडली त्या सकाळी तिच्यात शेकरूचं घरटं सापडलं. रिकामं होतं, पिल्लं नव्हती, जीव भांड्यात पडला. केवढं मोठं होतं सांगू, आईच्या पिठाच्या परातीएवढं. बाहेरच्या काड्या-पानं चिंब, पिळली असती तर तांब्याभर पाणी निघालं असतं, आणि आत हात घातला तर कोरडं. जुलैच्या पावसात कोरडं! इथे आमचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत, भिंतींना प्लॅस्टिक बांधूनही गाद्यांना वास येतो. मी किती वेळ तसाच हात आत ठेवून बसलो होतो. वर शेकरू खोडाला उलटं चिकटून ओरडत होतं. आई म्हणाली, त्यांची दोन-तीन घरटी असतात, ते जाईल दुसरीकडे, तू माझ्याकडे बघ.

तिचंही बरोबर आहे. ती ह्या गुडघ्यांनी रात्री पळणार कशी? पुण्याला ताईकडे जा म्हटलं तर म्हणते कस्तूराची शीळ ऐकल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही. फक्त घराकडच्या फांद्या उतरवून भार कमी करता येईल का, मुळांवर दगड रचून माती भरता येईल का, हे कुणीतरी समजणाऱ्याने बघायला हवं. तू बांधकामातला माणूस आहेस. आणि त्या झाडावर माझ्याइतकाच तुझाही हक्क आहे, तुला न विचारता मी सही करणार नाही.

वहिनींची नवी नोकरी कशी चाललीये? छकुलीला शाळा आवडली का? प्रमोशनचं अभिनंदन, ताईने सांगितलं.

शनिवारी ये. नेरळहून गाडी पावसाळ्यात बंद असते, टॅक्सीने दस्तुरीला ये, तिथून अमन लॉज स्टेशनवरची शटल गाडी चालू आहे. छत्री आणू नकोस, वारा टिकू देत नाही, रेनकोट आण. आईने गेल्या महिन्यातली जांभळं मिठात घालून ठेवलीयेत, तुझा वाटा वेगळा काढलाय.

तुझा,
बाळ्या