मेणवलीच्या घंटेशेजारी वसईचा मनोरा दाखवा

मा. संपादक साहेब,
स.न.

शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या गाड्या वाईवरून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला पळतात, त्यातल्या काही मेणवलीला वळतात, नाना फडणवीसांचा वाडा बघतात, घाटावर कुठल्या पिच्चरचं शूटिंग झालं ते विचारतात, सेल्फी काढतात की निघाले. मेणवलेश्वराच्या देवळाजवळ ती भलीमोठी घंटा आहे ना, तिच्यावर टोला देतात सगळे पण बघत कोणीच नाही. जरा जवळ जाऊन बघा, अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ साल आहे! कृष्णेच्या काठी महादेवाच्या दारात ही आली कुठनं?

१७३९ ला चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडनं वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या, त्यातलीच ही. नाशकातली नारोशंकराची घंटापण वसईचीच, पण तिचं नाव अख्ख्या नाशकाला माहितीय आणि आपल्या जिल्ह्यातल्या घंटेचं साताऱ्यातल्या पोरांना पण माहिती नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

वसई किल्ल्यात सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे, चर्च १५४६ चं, छप्पर कधीच गेलंय. किल्ल्यात झाडी माजलीय, नवख्या माणसाला वाट कळत नाही, तिथं हा मनोराच खुणेला धरायचा. आतला गोल दगडी जिना इतका अरुंद की वरनं कोणी उतरत असलं तर खालच्यानं थांबायचं, आणि वर गेलं की झाडांच्या शेंड्यांपलीकडं थेट खाडी दिसते. आवाज लांबवर जावा म्हणून चर्चच्या घंटा अशा उंचावर टांगायचे, आपल्याकडं मात्र ती हाताला लागेल अशी बांधली कारण आपल्या देवळात घंटा येणाऱ्यानंच वाजवायची असते. हा फरक पाहुण्यांना सांगितला तर ते घंटेसमोर दहा मिनिटं थांबतील की नाही सांगा.

म्हणून विनंती एवढीच की घंटेशेजारी मराठी, हिंदी, इंग्रजीत नीट वाचता येईल अशी पाटी लावा, त्यावर वसईच्या मनोऱ्याचा फोटो टाका, आणि दगडानं नाण्यानं घंटेवर ठोकणाऱ्यांना कोणीतरी अडवा, त्या मेरीच्या चेहऱ्यावर ओरखडे पडले तर परत भरून येणार नाहीत. शाळांच्या सहली नाहीतरी वाईला येतातच, सरांनी मुलांना घंटेवरचं साल स्वतः शोधायला लावावं. आणि आपल्यातलं कोणी मुंबईला पाहुण्यांकडं गेलं तर वेळ काढून वसईला जावं, किल्ला लय मोठाय, निम्मा दिवस हाताशी ठेवा.

आपला,
एक वाचक, सातारा