हळदीतल्या नाचाबद्दल

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

दादाच्या हळदीला तू आणि चुलत वहिनी 'चोली के पीछे' करणार हे कळल्यापासून आत्याने फोन करून करून माझे कान किटवलेत. गाणं अश्लील आहे, हळदीत नको, हे त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. आता माझं तू ऐक.

हे गाणं १९९३चं, सुभाष घईंच्या 'खलनायक'मधलं. सिनेमा आला ऑगस्टमध्ये, पण कॅसेट त्याच्या बऱ्याच आधी बाजारात होती आणि बोंब तेव्हाच सुरू झाली होती. दिल्लीत एक वकील थेट कोर्टात गेले. दूरदर्शन, आकाशवाणीने गाणं वाजवणं बंद केलं. झालं काय, तर ज्याने एरवी लक्षही दिलं नसतं त्याने मुद्दाम कॅसेट विकत घेतली. रिक्षात तेच, पानपट्टीवर तेच. विरोधकांनी जेवढी जाहिरात केली तेवढी निर्मात्यालाही जमली नसती.

माझी तक्रार अशी की ओरडणारे बहुतेक जण पहिल्या ओळीवरच थांबले. ते सवाल-जवाबाचं गाणं आहे गं! इला अरुण त्या रांगड्या, खरखरीत आवाजात नीना गुप्तासाठी सवाल टाकते आणि अलका याज्ञिक माधुरीसाठी जवाब देते की चोलीत माझं दिल आहे. विचारणारी बाई आणि उत्तर देणारीही बाईच. सवाल खट्याळ, जवाब साधा, आणि ऐकणारा तोंडघशी. आनंद बक्षींनी हे बेरकीपणाने लिहिलंय. आपल्याकडे फडावर लावणी ऐकलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काय होतं, मला तेव्हाही कळलं नाही.

आत्याची बाजू अगदीच खोटी नाही मात्र. शब्द सुटले, तरी कॅमेरा सुटत नाही. जवाब 'दिल' म्हणतो आणि कॅमेरा भलतीकडेच रेंगाळतो. गोष्टीत माधुरी पोलीस अधिकारी आहे, वेष पालटून गुंडाला पकडायला आलेली. नाच चालू असताना हे कोणाच्या लक्षात राहतं?

पण हळदीत कॅमेरा घईंचा नाही, आपल्या पिंट्याचा आहे. त्याला मी दम दिलाय.

नाच मूळ गाण्यावरच बसवा. 'क्रू' सिनेमातलं २०२४चं नवं नको. त्यात गायक दिलजीत दोसांझ मध्येच येतो आणि दोघींच्या बोलण्यातली गंमत जाते. सरोज खानने बसवलेला मूळ नाच नीट बघ. पायांपेक्षा डोळे आणि भुवया जास्त काम करतात, आणि माधुरी ओढणी कशी धरते, कधी सोडते, तिकडे लक्ष दे. तुझी ओढणी दोन्ही खांद्यांना पिना लावून घट्ट कर, मागच्या वेळेसारखी पायात यायला नको.

सवाल विचारायला वहिनीपेक्षा आत्याच शोभतील असं मला वाटतं. आवाज तसाच आहे. विचारून बघ, पण माझं नाव सांगू नकोस.

तुझी,
आई