यकृतातल्या मॅक्रोफेजबद्दल, मुक्तास

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. ‘मॅक्रोफेज (जंतू, मेलेल्या पेशी गिळणाऱ्या प्रतिकार पेशी) स्वादुपिंडाचा कर्करोग पसरवतात का’ हा प्रश्न इतका मोघम ठेवलास तर उंदीर संपतील आणि हाती काही लागणार नाही. कुठले मॅक्रोफेज, कुठल्या अवयवातले आणि कर्कपेशी तिथे पोहोचण्याआधीचे की नंतरचे, हे आधी पक्कं कर.

हा कर्करोग सर्वांत जास्त यकृतात जातो, आणि यकृतात मॅक्रोफेजच्या दोन जाती भेटतात. एक गर्भावस्थेपासून तिथेच राहणाऱ्या कुप्फर पेशी, दुसरे अस्थिमज्जेतून रक्तावाटे आलेले. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१५ मध्ये मांडलेली साखळी तुला तोंडपाठ हवी. गाठीतून सुटलेले एक्सोसोम, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, कुप्फर पेशी गिळतात. त्यातल्या एमआयएफ प्रथिनामुळे त्या टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात, त्याने यकृतातल्या तंतू बनवणाऱ्या स्टेलेट पेशी फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन तयार करू लागतात आणि त्यावर अस्थिमज्जेतले मॅक्रोफेज येऊन थांबतात. बी पडण्याआधीच वाफा तयार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रेगरी बीटी यांच्या गटाने २०१९ मध्ये दुसरी वाट दाखवली. गाठीच्या परिसरातल्या, कर्करोग नसलेल्या पेशींकडून आयएल-६ हा संदेश येतो, हेपॅटोसाइटमध्ये (यकृताच्या मुख्य पेशींत) स्टॅट-३ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं, त्या एसएए प्रथिनं सोडतात आणि मायलॉइड पेशी (मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल यांच्या कुळातल्या) गोळा होतात. या दोन वाटा एकमेकींना खोडत नाहीत. तुझ्या उंदरांत कोणती चालू आहे हे मात्र मोजावं लागेल.

कर्कपेशी रुजल्यानंतरचं चित्र निराळं. बाहेरून आलेले मॅक्रोफेज ग्रॅन्युलिन हे प्रथिन सोडतात (हे २०१६ चं काम), त्याने स्टेलेट पेशी पेरिऑस्टिन हे दुसरं प्रथिन तयार करतात, भोवती घट्ट तंतूंचं कुंपण पडतं आणि कर्कपेशी मारणाऱ्या सीडी-८ टी पेशी बाहेरच अडतात. इथे कुप्फर पेशींना दोष देऊन चालणार नाही.

आता प्रयोग. प्लीहेत कर्कपेशी टोचणं सोपं, आकडे लवकर मिळतात, पण त्यात मूळ गाठच नसते. त्यामुळे गाठीने लांबून यकृत कसं तयार केलं याबद्दल ते मॉडेल मुकंच राहतं. त्या प्रश्नाला केपीसी उंदीर (जनुकं बदलल्यामुळे स्वादुपिंडात आपोआप गाठ होणारे) किंवा स्वादुपिंडातच रोवलेली गाठ हवी. वेळ लागतो, लागू दे.

फ्लो सायटोमेट्रीसाठी (रंगवलेल्या पेशी लेसरने एकेक मोजण्यासाठी) यकृत आधी पोर्टल शिरेतून पीबीएस या मिठाच्या द्रावणाने फिकं पडेपर्यंत धुऊन घे, नाहीतर रक्तातल्या मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच मोजत बसशील. ऊती सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेज विकरानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये ५० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट) ३ मिनिटं फिरव; हेपॅटोसाइट खाली बसतात, तुला वरचं द्रावण हवं. कोलॅजिनेज जास्त वेळ ठेवलंस तर पेशींवरचे काही मार्कर (ओळखखुणेची प्रथिनं) झडतात आणि ‘ही पेशी इथे नाहीच’ असा खोटा निष्कर्ष निघतो. एफसी ब्लॉक (प्रतिपिंडं भलतीकडे चिकटू न देणारा), मृत पेशींचा रंग आणि बिनस्टेनचं, म्हणजे न रंगवलेलं, यकृत, तिन्ही प्रत्येक वेळी. कुप्फर पेशी स्वतःच चमकतात, म्हणून हिरव्या चॅनेलमध्ये महत्त्वाचा मार्कर ठेवू नकोस.

एफ४/८० हा मार्कर दोन्ही जातींवर असतो. उंदरात कुप्फर ओळखायला क्लेक-४एफ घे. माणसाच्या ऊतींच्या काचपट्ट्यांवर तो चालत नाही, तिथे व्हीएसआयजी-४ बघ. एम-१ (दाह वाढवणारे), एम-२ (दाह शमवणारे) असे शिक्के मारू नकोस. बशीत वाढवलेल्या पेशींसाठी ते ठीक, यकृतात एकाच पेशीवर दोन्हीकडचे मार्कर दिसतात.

सर्वांत मोठा खड्डा क्लोड्रोनेटचा, म्हणजे मॅक्रोफेज मारायच्या औषधाचा. ते भरलेले, शिरेतून दिलेले लायपोसोम (चरबीच्या सूक्ष्म पिशव्या) कुप्फर पेशी मारतात, पण प्लीहेतले मॅक्रोफेजही मारतात. शिवाय रिकाम्या जागी काही दिवसांतच मोनोसाइट येतात आणि हळूहळू क्लेक-४एफही दाखवू लागतात. तेव्हा कर्कपेशी टोचायच्या दिवशी एक-दोन उंदरांचं यकृत तपासून पेशी खरंच नाहीत ना हे बघ, आणि औषध नसलेल्या रिकाम्या लायपोसोमचा गट तुलनेसाठी वेगळा ठेव. तो गट आराखड्यात मला कुठेच दिसला नाही. गाईडना आराखडा देण्याआधी तेवढं घाल.

तुझी,
आई