रजिस्टरबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात आम्ही सगळ्यांनी भाषणं ठोकली. तुम्ही आम्हाला घडवलंत, वाट दाखवलीत वगैरे. त्यातलं एकही तुम्हाला पटलेलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून हे पत्र एकाच वस्तूबद्दल लिहिते आहे: निर्णयांचं रजिस्टर. जाहीर लिहिण्याचं कारण एवढंच, की माणसं सांभाळायची जबाबदारी नुकतीच अंगावर पडलेल्या कुणाच्या तरी वाचनात ते यावं.

रजिस्टर साधं होतं. काय ठरलं, त्यातून काय होईल असं वाटतं, कधीपर्यंत, आणि काय दिसलं तर आपलं चुकलं असं मानायचं, असे चार रकाने. पेन्सिल चालणार नाही, खाडाखोड केली तर शेजारी सही. पहिले तीन रकाने भराभर भरायचे आणि चौथ्यापाशी सगळ्यांचे हात थांबायचे. तुमच्या माघारी आम्ही त्याला 'चित्रगुप्ताची वही' म्हणायचो. हे तुम्हाला ठाऊक होतं, असं नंतर कळलं.

तोवर माझी समजूत अशी होती, की कामाच्या ठिकाणचं खोटं म्हणजे वरिष्ठांना मारलेली थाप. पण थाप मारणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. स्वतःलाच फसवून बसलेल्याला तेही नसतं. म्हणून तो बिनदिक्कत, छातीठोक बोलतो, आणि छातीठोक बोलणाऱ्यालाच आपण पुढारपण देतो. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७६मध्येच ही कल्पना मांडली होती: स्वतःची फसवणूक जमली की दुसऱ्याची सोपी जाते, कारण लबाडी चेहऱ्यावर उमटतच नाही. बढत्यांच्या याद्या पाहताना मला हे हमखास आठवतं.

रजिस्टर आल्यावर पहिलं काय बंद झालं असेल, तर 'मी तेव्हाच म्हटलं होतं'. म्हटलं होतं की नव्हतं, ते पान उलटून बघता यायचं. यावर जुना प्रयोग आहे. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि मॉस्कोच्या दौऱ्यांवर जाण्याआधी मानसशास्त्राचे अभ्यासक बारुख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून तिथे काय काय घडेल याचे अंदाज घेतले, आणि दौऱ्यांनंतर त्यांना त्यांचेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त वर्तवली होती, असं त्यांना आठवत होतं. कुणी मुद्दाम बदललं नव्हतं. आठवणच घडलेल्या गोष्टीकडे सरकली होती.

'कधीपर्यंत'चा रकाना म्हणजे तर करमणूक होती. काम लहान असो की मोठं, पानभर वरून खाली 'आठवड्याभरात'. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुमचा प्रबंध कधी पुरा होईल. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवसांचा, लागले ५५हून अधिक. सगळं बिघडलं तर किती लागतील, या प्रश्नाचं सरासरी उत्तरसुद्धा ४९च्या आतच होतं. म्हणजे आपली निराशादेखील आशावादीच असते.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती तुमच्या स्वतःच्या एका पानासाठी. आमच्यातल्या एका सहकाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलं होतं: 'यांच्याकडे मोठं काम देऊ नये. वेळ पाळत नाहीत.' चौथ्या रकान्यात होतं: 'माहिती वेळेवर मिळाल्यावर काम वेळेत झालं, तर माझं मत चुकीचं.' आढाव्याच्या दिवशी तुम्ही ते पान आम्हा सगळ्यांसमोर, त्या सहकाऱ्यांसमोरच, वाचलंत. सोबत कागद कुणाकडे कधी गेले त्या तारखा. प्रत्येक खेपेला त्यांच्याकडे माहिती सगळ्यात शेवटी गेली होती, आणि पाठवणाऱ्या तुम्ही होतात. कारणही तुम्हीच सांगितलंत: ते उशीर करणारच, मग आधी बाकीच्यांचं मार्गी लावू, असं मनात होतं. सामानाची यादी वाचावी तशा आवाजात तुम्ही हे वाचत होतात. ते सहकारी खाली बघत होते. शेवटी फक्त 'हो' म्हणाले.

मतानेच स्वतःचा पुरावा तयार केला होता. आणि ते मत सोयीचंही होतं. माणूस कामचुकार ठरला, की त्याला डावलणं हा अन्याय राहत नाही, व्यवस्थापन होतं. आपल्याला उशीर झाला तर कामाचा ताण, त्याला झाला तर बेजबाबदारपणा. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वरिष्ठाच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं, कारण साध्या माणसाचा गैरसमज त्याच्या डोक्यात राहतो, वरिष्ठाचा कामवाटपात उतरतो.

तुम्ही मोठी माफी वगैरे मागितली नाहीत. वाटपाच्या यादीत त्यांचं नाव पहिलं केलंत, बस. ते काही रातोरात बदलले नाहीत. नंतरही अधूनमधून उशीर व्हायचा, पण आता त्याचं कारण त्यांचं स्वतःचं असायचं आणि ते स्वतःच लिहायचे.

श्रेयाच्या वाटपाचा तो प्रसंगही आठवतो. प्रकल्प संपल्यावर तुम्ही प्रत्येकाला चिठ्ठीवर आपला वाटा टक्क्यांत लिहायला सांगितलात आणि फळ्यावर बेरीज केलीत. शंभर केव्हाच मागे पडले. आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "कुणीही खोटं लिहिलेलं नाही. आपली रात्रीची जागरणं आपल्याला आठवतात, शेजारच्याची आपण पाहिलेलीच नसतात." मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९मध्ये नवराबायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हाही बेरीज बहुतेकदा अशीच ओसंडली होती.

एक वाक्य मात्र तुम्ही बंदच केलं होतं: 'मागच्या वेळी निभावलं.' कारण विचारलं तेव्हा तुम्ही चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाची गोष्ट सांगितलीत. २८ जानेवारी १९८६ला ते उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. आदल्या संध्याकाळी अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते, एवढ्या थंडीत उड्डाण नको. त्यांच्याच व्यवस्थापकांनी शेवटी तो सल्ला मागे घेतला. अग्निबाणाच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांना आधीच्या उड्डाणांतही इजा झाली होती, पण यानं सुखरूप परतली होती, आणि प्रत्येक सुखरूप परतणं हा 'चालतं' याचा दाखला होत गेला. चौकशी आयोगावरचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना आढळलं, की यान गमावण्याची शक्यता अभियंते साधारण शंभरात एक सांगत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. एकाच यानाबद्दल, एकाच संस्थेत. वर जाताना आकडा गोड होत जातो, कारण कडू आकडा घेऊन येणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तुमच्याकडे वाईट बातमी आणणाऱ्याला तुमचा पहिला प्रश्न असायचा, "अजून कुणाला हे दिसलंय?" 'आधी का नाही सांगितलं' हा प्रश्न तुमच्या तोंडून मी ऐकला नाही.

रजिस्टरचं गुणगान करताना त्याचे तोटेही सांगायला हवेत. वेळ खायचं ते. काही जण चतुर झाले आणि 'परिस्थितीत सुधारणा अपेक्षित' असं, कधीच चुकू न शकणारं लिहू लागले. तुम्ही अशा ओळींखाली फक्त 'कोणती?' लिहून वही परत करायचात.

तरीही नेतृत्वाच्या कार्यशाळांपेक्षा ते बरं, असं माझं ठाम मत आहे. २००२मध्ये एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःला सरासरीपेक्षा सरस समजण्याच्या प्रवृत्तीची माहिती दिली आणि मग विचारलं, की तुम्ही स्वतःला दिलेले गुण बरोबर होते का. बहुतेकांनी आपल्या गुणांत बदल करायची गरज मानली नाही. कार्यशाळेतून माणसं प्रमाणपत्र आणि इतरांचे दोष ओळखायची नवी नावं घेऊन येतात. तुम्ही आम्हाला प्रामाणिकपणावर एक शब्द ऐकवला नाहीत. लिहायला लावलंत, आणि पहिलं पान स्वतःचं वाचलंत. त्यासाठी मनापासून आभार.

आता थोडं कामाचं. रजिस्टर संगणकावर घ्यावं असा प्रस्ताव आला आहे. आमची हरकत नाही, मात्र केलेली नोंद नंतर कुणालाही, विभागप्रमुखांनाही, बदलता येऊ नये, अशी अट आम्ही घातली आहे. त्यावर चर्चा अडली आहे. नव्या मुलांना दाखवायला तुमच्या त्या पानाची छायाप्रत हवी आहे. त्या सहकाऱ्यांनी संमती दिली आहे, नाव झाकू नका असंही ते म्हणतात. तुमची परवानगी आली की लावू. कृपया कळवावे.

आपली,
एक जुनी सहकारी